सम्राट घडवणारी सभा : ‘स्टार वॉर्स’च्या पूर्वकथांचा फेरविचार

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९८० आणि १९८३मध्ये त्याचे पुढचे दोन भाग आले आणि कथा पूर्ण झाली. त्यानंतर सोळा वर्षांनी लुकास त्याच कथेच्या आरंभाकडे वळले आणि त्यांनी आणखी तीन चित्रपट केले : ‘द फँटम मेनेस’ (१९९९), ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (२००२) आणि ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५). पहिल्या तीन चित्रपटांना अभिजाततेचा मान मिळाला. या पूर्वकथांनी तिकीटबारीवर भरपूर पैसा मिळवला, पण बरीच वर्षे त्यांच्या वाट्याला टिंगलच आली.

अलीकडे हे चित्र पालटले आहे. १९९९मध्ये शाळेत असलेली मुले आता पस्तिशीत आहेत आणि आपल्या बालपणीच्या या चित्रपटांची बाजू ती हिरिरीने मांडतात. २०२५च्या एप्रिलमध्ये ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ वीस वर्षांनी पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याला गर्दी केली. पण हे केवळ स्मरणरंजन आहे, की त्या चित्रपटांत खरोखरच काही दडलेले होते? या प्रश्नासाठी मी लुकास यांच्या काळातले सहाही चित्रपट दोनदा पाहिले. एकदा प्रदर्शनाच्या क्रमाने आणि एकदा कथेच्या क्रमाने. २०१२मध्ये डिस्नेने लुकासफिल्म ही कंपनी विकत घेतल्यावर निघालेले तीन भाग येथे विचारात घेतलेले नाहीत, कारण त्यांचे लेखन-दिग्दर्शन इतरांचे आहे.

करापासून साम्राज्यापर्यंत

पूर्वकथांवरचा सर्वांत जुना आक्षेप असा, की अंतराळयुद्धाची गोष्ट ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला येथे व्यापारी मार्गांवरील कर आणि सिनेटमधली भाषणे ऐकावी लागतात. ही भाषणे रंगत नाहीत, हे खरे आहे. पण कथेच्या क्रमाने पाहताना माझे लक्ष सर्वाधिक वेधून घेतले ते याच प्रसंगांनी. पुढे जे घडते त्याची प्रत्येक पायरी या सभागृहात, नियमांना धरून चढली गेली आहे.

करआकारणीच्या वादातून व्यापारी संघ नाबू या छोट्या ग्रहाची नाकेबंदी करतो. नाबूची तरुण राणी पॅडमे अमिडाला सिनेटकडे दाद मागते. चर्चा लांबते, चौकशी समितीची भाषा सुरू होते. तेव्हा नाबूचाच सिनेटर पाल्पाटिन तिला चॅन्सलरविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडायला सुचवतो. ती तो मांडते, चॅन्सलर पडतो आणि सहानुभूतीच्या लाटेवर पाल्पाटिन स्वतः निवडून येतो. नाकेबंदीमागचा खरा सूत्रधार तोच असतो, हे फक्त प्रेक्षकाला कळते.

दहा वर्षांनंतर अनेक ग्रह फुटून निघण्याच्या तयारीत आहेत. आता चॅन्सलरला आणीबाणीचे विशेष अधिकार द्यावेत, असा ठराव येतो. ‘आणीबाणी’ हा शब्द मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ठराव मांडतो जार जार बिंक्स. भोळा, वेंधळा आणि मनाने चांगला. संकट टळताच अधिकार परत करीन, असे पाल्पाटिन सांगतो आणि सभागृह त्याचा जयजयकार करते. फुटीरांचा नेताही त्याचाच हस्तक असल्यामुळे संकट कधी टळायचे, हेही तोच ठरवणार असतो. तिसऱ्या चित्रपटात तो प्रजासत्ताकाचे साम्राज्यात रूपांतर झाल्याचे जाहीर करतो, तेही सुरक्षिततेच्या नावाने आणि टाळ्यांच्या कडकडाटात. कोठेही सैन्य सिनेटवर चालून येत नाही. सभागृहाने स्वतःच्या हाताने सारे देऊन टाकलेले असते.

साम्राज्य आल्यावरही सिनेट बरखास्त होत नाही. ती कायमची विसर्जित झाल्याची बातमी १९७७च्या चित्रपटात, म्हणजे कथेत सुमारे १९ वर्षांनी येते. ग्रह नष्ट करू शकणारे अस्त्र तयार झाल्यावर. इतकी वर्षे सभेचा सांगाडा उभा ठेवण्यात आला होता. १९७७च्या चित्रपटातले ते एक वाक्य पूर्वी कानावरून निघून जाई. पूर्वकथांनंतर ऐकताना त्याला वजन येते.

हे सारे लुकास यांना १९९९मध्ये सुचलेले नाही. पहिल्या चित्रपटाच्या आधी, १९७६च्या अखेरीस, त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या प्रास्ताविकातच पाल्पाटिन नावाचा महत्त्वाकांक्षी सिनेटर निवडून येतो आणि पुढे स्वतःला सम्राट घोषित करतो, असा उल्लेख आहे. निक्सन यांची कारकीर्द आणि व्हिएतनाम युद्ध ही या कल्पनेची पार्श्वभूमी होती, असे लुकास यांनी वेळोवेळी सांगितले आहे. ‘अपोकॅलिप्स नाउ’ हा व्हिएतनामवरचा चित्रपट आधी तेच करणार होते. सीझरला मारणाऱ्या सिनेटने त्याच्याच वारसाच्या हाती सत्ता का दिली, हा प्रश्नही त्यांनी मुलाखतींत बोलून दाखवला आहे. ऑगस्टसने रोमची सिनेट मोडली नाही. २३ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेने हिटलरला कायदे करण्याचा अधिकार ४४४ विरुद्ध ९४ मतांनी बहाल केला. सभागृहाबाहेर दहशत होती, कम्युनिस्ट सदस्यांना मतदान करता आले नव्हते; तरी कागदोपत्री तो रीतसर ठराव होता. लुकास यांना रस आहे तो या ‘रीतसर’पणात.

सज्जनांचे दुर्लक्ष

सभागृह फसले हे एक झाले. पण प्रजासत्ताकाचे रक्षक असलेल्या जेडाय योद्ध्यांचे काय? मूळ चित्रपटांत त्यांचा उल्लेख हरवलेल्या सुवर्णयुगासारखा येतो. पूर्वकथांत ते युग प्रत्यक्ष दिसते आणि त्याला गेलेले तडेही दिसतात.

अनाकिन हा टॅटूइन ग्रहावरचा नऊ वर्षांचा गुलाम मुलगा. जेडाय गुरू क्वाय-गॉन त्याला पैजेत जिंकून नेतो. त्याच्या आईलाही सोडवण्याचा तो प्रयत्न करतो, पण मालक फक्त एकालाच पणाला लावायला राजी होतो. मुलगा सुटतो, आई मागे राहते. इथवर कोणालाही दोष देता येत नाही. दोष आहे तो पुढच्या दहा वर्षांत. एवढ्या सामर्थ्यवान पंथातले कोणीही तिच्यासाठी परत जात नाही. तिला विकत घेऊन मुक्त करतो तो एक साधा शेतकरी, जो तिच्याशी लग्न करतो. अनाकिन तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा टस्कन टोळीच्या कैदेत तिचे शेवटचे क्षण उरलेले असतात. त्या रात्री तो टोळीची सारी वस्ती कापून काढतो, बायकामुलांसह.

जेडाय पंथाची शिकवण आसक्ती सोडण्याची आहे. पत्नीच्या मृत्यूची स्वप्ने पडू लागल्यावर अनाकिन योडाकडे जातो, तेव्हा जे गमावण्याची भीती वाटते ते सोडून द्यायला शीक, असा उपदेश त्याला मिळतो. पाल्पाटिन मात्र नाट्यगृहात त्याला शेजारी बसवतो, मरण टाळू शकणाऱ्या एका सिथ गुरूची गोष्ट सांगतो आणि त्याच्या भीतीला नेमकी जागा देतो. सज्जनांनी ऐकून घेतले नाही आणि दुर्जनाने ऐकले, इतका साधा हा फरक आहे.

हीच नजरचूक राजकारणातही होते. कोणी मागवली ते नीट ठाऊक नसलेली क्लोन सैनिकांची फौज जेडाय स्वीकारतात, कारण ती गरजेच्या वेळी तयार मिळते. आपली अंतर्दृष्टी क्षीण झाली आहे, हे सिनेटपासून लपवून ठेवायचे ते ठरवतात. शेवटी त्याच फौजेला हुकूम मिळतो आणि ती जेडायांनाच गोळ्या घालते.

यमक आणि संगीत

प्रसंगांची यमके जुळवावीत तशी आपण ही रचना केली आहे, असे लुकास यांनी ‘फँटम मेनेस’च्या निर्मितीवरील माहितीपटात म्हटले आहे. दोन्ही चित्रत्रयींच्या दुसऱ्या भागात नायकाचा हात तुटतो, हे वरवरचे यमक झाले. खोलवरचे यमक असे : ‘रिव्हेंज’च्या सुरुवातीला शस्त्रहीन झालेल्या काउंट डूकूला मारून टाक, असे पाल्पाटिन अनाकिनला सांगतो आणि तो मारतो. १९८३च्या चित्रपटात तोच पाल्पाटिन तीच मागणी ल्यूकपुढे ठेवतो. समोर पडलेला असतो त्याचा बाप, म्हणजे डार्थ व्हेडर झालेला अनाकिन. ल्यूक शस्त्र फेकून देतो. कथेच्या क्रमाने पाहिल्यास १९८०च्या भागातले पितृत्वाचे रहस्य वाया जाते; पण ल्यूकचा हा नकार कितीतरी मोठा होतो, कारण तेथे कोण घसरले होते हे आपण पाहिलेले असते.

जॉन विल्यम्स यांचे संगीत या धाग्यांना पक्के बांधते. ‘फँटम मेनेस’च्या शेवटी नाबूच्या रस्त्यांवर मुले आनंदाने गातात. ती चाल कान देऊन ऐकली, की ती सम्राटाच्या भयसूचक धूनेचेच उजळ, वेगवान रूप आहे हे लक्षात येते. विजयाच्या मिरवणुकीत खरा विजेता कोण, ते संगीत सांगून जाते. ‘ड्युएल ऑफ द फेट्स’ या समूहगायनाचे शब्द तर संस्कृत आहेत. एका मध्ययुगीन वेल्श काव्यातील ओळींचे विल्यम्स यांनी संस्कृत भाषांतर करवून घेतले आणि नादाच्या सोयीने शब्द मागेपुढे केले. त्यामुळे अन्वय लावायला बसणाऱ्या संस्कृतज्ञाची निराशा होईल. स्वरांचे घुमणे मात्र ऐकण्यासारखे आहे.

उणे खाते

फेरविचार म्हणजे सरसकट माफी नव्हे. १९८० आणि १९८३च्या चित्रपटांचे दिग्दर्शन अर्विन केर्शनर आणि रिचर्ड मारक्वांड यांनी केले आणि दोन्हींच्या पटकथेला लॉरेन्स कॅसडन यांचा हात लागला होता. पूर्वकथांचे दिग्दर्शन लुकास यांनी एकट्याने केले; लेखनही, ‘क्लोन्स’मधले जोनाथन हेल्स यांचे साहाय्य वगळता, त्यांचेच. त्याचा परिणाम संवादांत दिसतो. प्रेमप्रसंग लाकडी आहेत. एकट्या हिमतीवर राज्य सांभाळणारी पॅडमे तिसऱ्या चित्रपटात घरात वाट पाहत बसते. व्यापारी संघाचे प्रतिनिधी, गुलामांचा मालक वॉटो आणि जार जार यांच्या बोलण्या-वागण्यात वांशिक ठशांची छाया आहे, हा आक्षेप आजही टिकून आहे.

आणि एक खाते प्रेक्षकांच्या नावावर आहे. जार जार साकारणारे अहमद बेस्ट त्या टीकेने आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचले होते, असे त्यांनी २०१८मध्ये जाहीरपणे सांगितले. छोट्या अनाकिनचे काम करणाऱ्या जेक लॉइडलाही शाळेत छळ सोसावा लागला. वाईट संवाद लिहिणाऱ्याला जाब विचारणे वेगळे आणि ते बोलणाऱ्या मुलाला धारेवर धरणे वेगळे. ‘द मँडलोरियन’ या मालिकेत २०२३मध्ये बेस्ट एका जेडायच्या भूमिकेत परतले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले.

या उण्या बाजू धरूनही पूर्वकथांचे एक काम मला महत्त्वाचे वाटते. मूळ चित्रपट हुकूमशाहीशी लढावे कसे ते सांगतात. तेथे शत्रूचा चेहरा काळ्या मुखवट्याआड असतो आणि बाजू निवडणे सोपे असते. पूर्वकथा त्याआधीचा काळ दाखवतात, जेव्हा शत्रू सौम्य आवाजात बोलतो आणि त्याच्यासाठी ठराव मांडणारा माणूस भला असतो. ‘रिव्हेंज’च्या अखेरीस योडा आणि पाल्पाटिन सिनेटच्या रिकाम्या सभागृहातच लढतात. सदस्यांची तरंगती आसने उपटून पाल्पाटिन ती योडावर भिरकावतो. ज्या जागांवरून त्याला एकेक अधिकार मिळाला, त्या जागांचा त्याला आता तेवढाच उपयोग उरलेला असतो.