निरुपद्रवी, पण कोणाला?

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानाचं. ताप आला तर माझ्याकडे येऊ नका! तरीही आज एका आजाराबद्दल बोलणार आहे, कारण त्यातला एक शब्द मला बरीच वर्षं छळतो आहे. तो शब्द म्हणजे 'निरुपद्रवी'.

माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर, हनुवटीवर लालसर बारीक पुटकुळ्या. एकदा मी वडीलकीच्या नात्यानं म्हणालो, "अगं, तळलेलं जरा कमी खात जा." ती शांतपणे म्हणाली, "सर, ही मुरुमं नाहीत. हा माझा आजार आहे." मी खजील झालो आणि घरी जाऊन वाचायला बसलो.

आजाराचं नाव ट्यूबरस स्क्लेरोसिस. साधारण सहा हजार जन्मांमागे एक. १८८० साली फ्रान्समधल्या बूर्नव्हील या डॉक्टरांनी मेंदूतल्या गाठींवरून त्याचं वर्णन केलं. कारण मात्र शंभरेक वर्षांनी कळलं. आपल्या शरीरात टीएससी१ आणि टीएससी२ ही जनुकं पेशींच्या वाढीला लगाम घालतात. दोहोंपैकी एकात बिघाड झाला की लगाम सुटतो आणि मेंदू, मूत्रपिंड, हृदय, त्वचा अशा ठिकाणी गाठी येतात. काहींना फिट्स येतात, काहींची बौद्धिक वाढ अडते. अनेकांची बुद्धी तुमच्याआमच्यासारखीच असते. आणि जवळजवळ दोन तृतीयांश रुग्णांत हा बिघाड नव्यानं झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. तेव्हा "कोणाच्या घराण्यातून आलं हे?" असली चौकशी कृपा करून करू नका.

चेहऱ्यावरच्या या गाठींना अँजिओफायब्रोमा म्हणतात. रक्तवाहिन्या आणि तंतू यांची वाढ, बस्स. कर्करोग नाही. आता गंमत बघा, कित्येक दशकं वैद्यकशास्त्र त्यांना तेलग्रंथींच्या गाठी म्हणत होतं. तेलग्रंथींचा काही संबंध नव्हता. म्हणजे चुकणारा मी एकटाच नव्हतो.

मग लेसर काय करतो? प्रत्येक पदार्थ ठरावीक रंगाचा प्रकाश जास्त शोषतो, हे त्यामागचं तत्त्व. डाय लेसरचा ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. रक्तवाहिनी तापून बंद होते, लाली उतरते. हा सपाट, लाल गाठींसाठी. वर आलेल्या, टणक गाठींसाठी कार्बन डायऑक्साइड लेसर. त्याचे न दिसणारे किरण पेशींतलं पाणी शोषतं आणि ऊतीचा थरामागून थर वाफ होऊन जातो. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बनवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्यात!

पण मर्यादाही सांगायला हव्यात. लेसर गाठ काढतो, जनुक बदलत नाही. काही महिन्यांनी, वर्षांनी गाठी परत येऊ शकतात. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, त्यामुळे काळे-पांढरे डाग राहण्याचा धोका जास्त. म्हणून आधी छोट्या जागेवर करून बघतात. लहान मुलांना भूल द्यावी लागू शकते. हल्ली सिरोलिमसचं मलम मिळतं, ते सुटलेल्या लगामावरच काम करतं. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं हे औषध. तेही थांबवलं की गाठी हळूहळू परततात.

मग कोणी म्हणेल, परत येणार तर कशाला करायचं? अहो, अंगण आपण रोज झाडतोच ना? उद्या पाला पडणार म्हणून कोणी झाडू ठेवून देत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. रिपोर्टमध्ये 'निरुपद्रवी' लिहितात ते पेशींच्या हिशेबानं, आणि त्या हिशेबानं ते खरंच आहे. पण चेहरा घेऊन माणसाला बाहेर पडायचं असतं. दाढी करताना रक्त येतं, वर्गात मुलं चिडवतात, बसमध्ये शेजारचा सरकून बसतो. हा उपद्रव सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. उलट बाजूही आहे. मूल स्वतः बोलू शकत नसेल, तर आधी विचारा, त्रास त्याला होतोय की लग्नकार्यात आपल्याला? दुसऱ्या कारणासाठी मुलाला भूल देऊ नये असं माझं मत आहे. आणि चेहऱ्याच्या नादात मेंदू आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या चुकवू नका. उपचाराचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या, माझ्यासारख्या डॉक्टरशी नव्हे.

त्या मुलीनं पुढे नोकरीला लागल्यावर दोनदा लेसर करून घेतला. मी विचारलं, "फरक पडला का गं?" ती म्हणाली, "सर, पूर्वी रिक्षावाला आधी चेहऱ्याकडे बघायचा. आता विचारतो, कुठे जायचं?"

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.