परिचारिकेची नोंदणी : राज्यापुरती की देशभर?

शहापूर तालुक्यातील डोळखांब किंवा मुरबाडमधील मोरोशी यांसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी बाई आली, की तिच्याजवळ सर्वांत आधी पोहोचते ती परिचारिका. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देणे, वार पूर्ण पडली का ते पाहणे, गर्भाशय आवळले आहे का हे पोटावर हात ठेवून तपासणे, ही सारी तिची कामे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ५०० मिलिलिटरच्या पुढे गेला की तो धोक्याचा समजतात. अशा वेळी रुग्णवाहिका येऊन मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचेतो सर्व भिस्त तिच्यावरच असते. म्हणून केंद्रात परिचारिका असणे आणि ती खरोखर शिकलेली असणे, या दोन्ही गोष्टी जिवाशी निगडित आहेत.

ती शिकलेली असल्याची कायदेशीर खूण म्हणजे नोंदणी. १९६६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषद ही नोंदणी करते आणि तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. प्रत्येक राज्याची परिषद मात्र वेगळी आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. समजा, मुरबाडची एखादी मुलगी कर्नाटकात तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम करते. तिची पहिली नोंदणी तिथल्या परिषदेत होते. गावी परतून तिला जिल्हा परिषदेत किंवा राज्य शासनाच्या रुग्णालयात काम करायचे असेल, तर महाराष्ट्राच्या परिषदेत पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी जुन्या परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र, कागदपत्रांची पडताळणी, शुल्क असे सोपस्कार आलेच. केरळमधून लग्न होऊन किंवा नोकरीसाठी इकडे येणाऱ्या परिचारिकेचीही तीच गत. गंमत अशी, की एम्ससारख्या केंद्रीय संस्थांच्या भरतीत कोणत्याही राज्य परिषदेची नोंदणी चालते. म्हणजे तेच प्रमाणपत्र दिल्लीत लगेच ग्राह्य, आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मात्र आणखी एका परिषदेच्या शिक्क्याची प्रतीक्षा.

मुळात कायद्याचा हेतू असा नव्हता. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यानुसार मान्यताप्राप्त पात्रता ही कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव दाखल करण्यास पुरेशी मानली गेली आहे. त्यामुळे पात्रतेचा प्रश्न मिटला, पण कागदाचा प्रवास तेवढा उरला. करोनाच्या साथीत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका पाठवण्याची विनंती केली होती. संकट आले की राज्याची सीमा ओलांडून हात मागावे लागतात. एरवी शांततेच्या काळात तीच सीमा ओलांडणे सोपे का नसावे?

अमेरिकेत हाच प्रश्न होता. तिथेही प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. २००० सालापासून काही राज्यांनी आपसांत करार केला आणि २०१८ मध्ये त्याचे सुधारित रूप लागू झाले. आज चाळीसहून अधिक राज्ये त्यात आहेत. परिचारिकेने आपल्या राहत्या राज्याचा बहुराज्यीय परवाना घेतला, की करारातील इतर राज्यांतही तिला काम करता येते. मात्र काही अटी आहेत. रुग्ण ज्या राज्यात असेल, तिथलेच नियम तिला पाळावे लागतात. सर्व राज्यांची एक सामाईक माहितीपेढी असते. त्यामुळे एका राज्यात कारवाई झालेली व्यक्ती ते लपवून दुसरीकडे रुजू होऊ शकत नाही. मोकळीक आणि देखरेख ही दोन्ही चाके तिथे बरोबर चालतात.

आपल्याकडेही पावले पडत आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने आधारशी जोडलेला, देशभर एकच असणारा ओळख क्रमांक देण्याची ऑनलाइन नोंदणी पद्धत सुरू केली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या या कायद्यात देशाची ऑनलाइन राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. ही नोंदवही अद्ययावत राहिली, तर पडताळणी टपालाच्या वेगाने न होता संगणकाच्या वेगाने होऊ शकेल.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. परवाना सुटसुटीत झाला म्हणून डोळखांबला परिचारिका आपोआप येणार नाही. शहापूर हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही. अशा आदिवासी भागात निकषानुसार ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, पण तिथे टिकून राहायला सुरक्षित निवासस्थान, वेळेवर पगार आणि कायम पद लागते. कातकरी, ठाकूर पाड्यांवरच्या बाईचे दुखणे समजायला तिची बोलीही कानावर पडलेली असावी लागते. म्हणूनच बाहेर शिकून परतणारी इथलीच मुलगी सर्वांत मोलाची, आणि कागदांसाठी तिलाच ताटकळत ठेवणे सर्वांत महागात पडणारे.

बाहेरच्या राज्यात शिकायला जाणाऱ्या मुलींनी आणि पालकांनी प्रवेशापूर्वीच महाविद्यालयाची मान्यता तपासावी. परतण्याच्या काही महिने आधीच ना हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा आणि नोंदणीची मुदत संपू देऊ नये. खासगी रुग्णालयांनी कामावर घेताना नुसते प्रमाणपत्राचे छायाचित्र न पाहता नोंदणी क्रमांकाची खातरजमा करावी. ‘नर्सबाई’ म्हणून पांढऱ्या कपड्यांत वावरणारी प्रत्येक व्यक्ती नोंदणीकृत असतेच असे नाही. आपल्या माणसाला इंजेक्शन देणारी व्यक्ती नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर ते विचारायला वेळ उरत नाही.