यंत्राची चाल, माणसाचा निर्णय

एकेकाळी व्यापारी घरांतील मुलांना पावकी, निमकी, दीडकी मुखोद्गत असे. पुढे गल्ल्याशेजारी कॅल्क्युलेटर आला आणि तोंडी हिशेब मागे पडला. बुद्धिबळाच्या पटावरही तसेच घडले आहे. रत्नागिरीच्या पावसाळी संध्याकाळी मोबाइलवर संगणकाशी खेळून हरलेला मुलगा विचारतो, "हा नेहमीच जिंकणार, तर मी शिकू कशाला?" प्रश्न रास्त आहे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फिया येथे गॅरी कास्पारोव्ह यांनी 'डीप ब्लू' संगणकाला ४-२ असे नमविले. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला त्याच संगणकाने त्यांना साडेतीन-अडीच असे हरविले. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारे ते यंत्र कपाटाएवढे होते. आज त्याहून बलवान प्रोग्रॅम खिशात मावतो.

मग माणसाकडे उरले काय? याचे उत्तर आपल्या नाशिकच्या विदित गुजराथी यांच्या खेळात सापडते. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटो येथील कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी काळ्या मोहऱ्यांनी खेळताना उंटाचे बलिदान दिले आणि अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा यांच्यावर मात केली. अशा चालींची पूर्वतयारी आज सारेच अव्वल खेळाडू संगणकावर करतात. पण स्पर्धागृहात मोबाइल नेता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित उत्तर दिले की, समोर पट, शेजारी घड्याळ आणि सोबतीला केवळ स्वतःची समज उरते. दुसऱ्याच दिवशी विदित प्रज्ञानंद यांच्याकडून हरले. संगणक तर सर्वांच्याच घरी होता! पुढे नवव्या फेरीत त्यांनी नाकामुरांना पुन्हा हरविले.

आपल्या पेढीवर तरी निराळे काय घडते? आंब्याच्या पेट्यांची बेरीज यंत्र बिनचूक करते. परंतु कोणाला किती उधारी द्यावी, हे शेठजींनाच ठरवावे लागते आणि चुकल्यास तोटाही त्यांनाच सोसावा लागतो.

म्हणून मुलाचा मोबाइल काढून घेऊ नये. क्रम मात्र बदलावा. आधी त्याने स्वतःची चाल आणि तिचे कारण वहीत लिहावे, नंतरच यंत्राला विचारावे. सामन्यात लपून यंत्राचा सल्ला घेणे म्हणजे न दिलेले घेणे होय, हेही त्याला सांगावे. अचौर्याचा हा पाठ पटावर जितका सहज शिकविता येईल, तितका अन्यत्र क्वचितच.