पुतण्याने काकाला दिलेले पैसे

क्रेडिट कार्डाच्या ‘मिनिमम ड्यू’चा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण भिलाईच्या एका वाचकांचा प्रश्न आधी घ्यायला हवा. नातेवाइकांकडून आलेल्या भेटीवर कर नाही, हे वाचून ते विचारतात: पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या दुखण्याखुपण्यासाठी यंदा तीन लाख रुपये पाठवणार आहे, तर काळजीचे कारण नाही ना? कारण आहे. काकाने पुतण्याला कितीही दिले तरी पुतण्याला कर नाही. पुतण्याने काकाला दिले, तर वर्षभरात अशा भेटी 50,000 रुपयांच्या वर गेल्या की सगळी रक्कम काकांचे उत्पन्न धरली जाते. पन्नास हजार वजा करून उरलेली नव्हे, सगळी.

कायद्यातली नातेवाइकांची यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. जोडीदार, भावंडे, जोडीदाराची भावंडे, आईवडिलांची भावंडे, स्वतःची व जोडीदाराची थेट वरची-खालची पिढी, आणि या सगळ्यांचे जोडीदार. घेणारा पुतण्या असेल तर काका ‘वडिलांचा भाऊ’ म्हणून यादीत बसतो. घेणारा काका असेल तर ‘भावाचा मुलगा’ त्या यादीत कुठेच नाही. भाचा-मामा, भाची-मावशी यांचेही तसेच. सून आणि जावई बसतात; चुलत-मामे भावंडे दोन्ही बाजूंनी बाहेर. म्हणजे पैसा थोरल्यांकडून धाकट्यांकडे जातो, हे कायद्याने गृहीत धरले आहे. भिलाईत नेमके उलटे घडते. इथल्या पोलाद कारखान्यासाठी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि नोकरीच्या ओढीने विदर्भातली कितीतरी घरे इथल्या सेक्टरांमध्ये आली. आज त्या घरांतली तरुण पिढी पुण्या-बंगळुरूला आहे. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचे ईपीएस-95 चे पेन्शन तुटपुंजे असते. फंडाच्या व्याजावर घर चालते. ज्यांना मूल नाही किंवा ज्यांचे मूल कमावते नाही, त्यांना पुतण्या-भाचीचाच आधार. अशा घराला ही यादी अन्याय करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा की यादी कुठेतरी थांबवावीच लागते, नाहीतर काळा पैसा ‘भेट’ म्हणून फिरेल. ही भीती खोटी नाही. 1958 चा गिफ्ट टॅक्स देणाऱ्याकडून घेतला जाई. तो ऑक्टोबर 1998 पासून बंद झाला आणि खोट्या भेटींना रान मोकळे मिळाले. म्हणून 2004 मध्ये घेणाऱ्यावर कर आला. पण काका आणि पुतण्या या दोघांमध्ये एका दिशेचा दरवाजा कायद्याने आधीच उघडा ठेवला आहे. दुसरी दिशा बंद ठेवून कोणता घोटाळा अडतो? शिवाय पुतण्याने वडिलांना द्यावे, वडिलांनी आपल्या भावाला द्यावे, तर दोन्ही टप्पे करमुक्त. मात्र वडील त्या पैशांचे खरेच मालक झालेले हवेत आणि द्यायचे की नाही हे त्यांनीच ठरवायला हवे. सकाळी खात्यात आले, दुपारी पुढे गेले, तर अधिकारी त्याला बनाव म्हणू शकतो. जो अडसर असा वळसा घालून सुटतो तो लबाडाला अडवत नाही, सरळमार्गी माणसाला मात्र हेलपाटा घालायला लावतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. व्याज, पेन्शन आणि हे तीन लाख धरूनही आपल्या वाचकांना बहुधा काही भरावे लागणार नाही. खरे आहे. पण एकूण उत्पन्न चार लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरावेच लागते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, फक्त पेन्शन आणि त्याच बँकेचे व्याज असलेल्या नागरिकांना विवरणपत्रातून जी सूट आहे, तीही या भेटीमुळे जाते. आणि 50,000 ची मर्यादा 2006 पासून हललेली नाही. तेव्हाचे पन्नास हजार आणि आजचे, यांची तुलना औषधांच्या बिलावर करून पाहावी.

क्रेडिट कार्ड इथेही येतेच. वस्तूंच्या भेटीत कायदा ठरावीक गोष्टीच धरतो: जमीन-घर, शेअर, दागिने, सोने-चांदी, चित्रे-शिल्पे, पुरातन वस्तू आणि आता क्रिप्टोसारखी आभासी मालमत्ता. फ्रिज, एसी, श्रवणयंत्र त्यात नाहीत. पुतण्याने आपल्या कार्डावर 80,000 चे श्रवणयंत्र घेऊन दिले तर काकांना कर नाही. तेवढ्याच किमतीचे कडे करून दिले तर सगळी किंमत उत्पन्न. काकांच्या कार्डाचे बिल परस्पर भरले, तर मी तरी ती पैशांचीच भेट समजेन. पैसे खरोखर परत करायचे असतील तर बिनव्याजी उसने घेता येतात, पण खात्यातूनच. 20,000 किंवा त्याहून जास्त रकमेचे उसने रोखीत घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो. वाचकांनी पुतण्याशी बोलून आधी हे ठरवावे, की यांतले किती पैसे वस्तूंवर जाणार आहेत.