‘बाटगे’ म्हणवून घेतलेली माणसे : एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती

महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या माणसांचा छळ फारसा रक्तपाताचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात इंग्रजांचे राज्य होते आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या जिवाला सहसा धोका नसे. त्याला गमवावे लागे ते घर, जात, वाटणीची जमीन आणि नाव. न्हावी-धोबी बंद होत, रोटीबेटी तुटे, काही घरांत तर जिवंत माणसाच्या नावाने घटस्फोटाचा, म्हणजे घडा फोडण्याचा, विधी करून तो मेल्याचे जाहीर केले जाई. त्यानंतर बदनामी सुरू होई. बाटणारा भाकरीसाठी बाटला, नोकरीसाठी बाटला, गोऱ्या पाद्र्याने त्याला भुलवले. या तिन्ही आरोपांत त्याला स्वतःचे मन असू शकते ही शक्यताच नाकारलेली असे.

अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, पण वरच्या जातींतील धर्मांतरे तीसच्या दशकापर्यंत जवळजवळ नव्हतीच. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि जाहीर वादविवाद रंगू लागले. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून त्यांना उत्तर दिले. हिंदू देवदेवतांविषयी मिशनऱ्यांची भाषा अनेकदा उर्मट आणि दुखावणारी होती, हे येथे नोंदवले पाहिजे. मात्र त्या भाषेचा राग निघाला तो बोटीने मायदेशी परतू शकणाऱ्या पाद्र्यांवर कमी आणि इथेच राहणाऱ्या नवख्रिस्त्यांवर अधिक.

पहिला मोठा गदारोळ पारशी समाजात झाला. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या विल्सन यांच्या विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंच्या ताब्यासाठी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. त्यांना हवे तेथे राहण्याची मोकळीक मिळाली आणि ते विल्सन यांच्याकडेच राहिले. विल्सन यांच्या शाळेतली बरीचशी मुले पालकांनी काढून घेतली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले आणि मूल अल्पवयीन म्हणून त्यांना परत मिळाले. खरा पेच त्यानंतर उभा राहिला. मिशनरी घरात जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घेता येते, अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी मांडली. त्याबद्दल सनातन्यांनी खुद्द बाळशास्त्र्यांनाच वाळीत टाकले. ख्रिस्ती न झालेल्या, उलट मूल परत आणू पाहणाऱ्या माणसाची ही गत, तर ख्रिस्ती झालेल्याची काय असेल याचा अंदाज बांधता येतो. नारायण शेषाद्री पुढे धर्मगुरू झाले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली.

धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असे १८५० च्या कायद्याने ठरवले. जुन्या समाजाला हे बाटणाऱ्यांना दिलेले इनाम वाटले आणि संशय आणखी वाढला. शिवाय वाटणी कागदावर मिळाली तरी विहिरीवरचे पाणी आणि बहिणीच्या लग्नाचे आमंत्रण कायद्याने मिळत नव्हते.

या काळातील नवख्रिस्त्यांनी बदनामीला दिलेले सर्वांत टिकाऊ उत्तर लेखणीतून आले. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. तीनच वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. हिंदू विधवांच्या स्थितीवरचे हे पुस्तक मराठीतील पहिल्या कादंबऱ्यांत मोजले जाते. १८८८ च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपले मन कसे बदलत गेले याचा पायरीपायरीने हिशेब दिला. भुलवले गेल्याच्या आरोपाला याहून सविस्तर जबाब कोणी दिला नाही.

संशयाचे टोक १८९० मध्ये पुण्यात दिसले. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी एक सभा योजली. तेथे लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह शहरातली नामवंत मंडळी आली आणि चहा-बिस्किटे पुढे करण्यात आली. उपस्थितांची नावे नंतर वर्तमानपत्रात झळकली. ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि भल्याभल्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. कपभर चहाचा हा परिणाम.

त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंवर टीकेचा मारा झाला. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ज्या शहराने त्यांच्या संस्कृत पांडित्याचा गौरव केला होता तेच संतापले. अपवाद महात्मा फुले यांचा. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. रमाबाई मात्र स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून ‘केसरी’ने सतत झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक मुली काढून घेण्यात आल्या. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्या, त्यामुळे टीकाकारांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. पण केशवपन केलेल्या बालविधवांना शिकवायला त्या टीकाकारांपैकी किती जण पुढे आले, हाही प्रश्न उरतोच. रमाबाईंना स्वधर्मीयांचेही बोल ऐकावे लागले: वाँटेजच्या जोगिणींना त्या गर्विष्ठ आणि हट्टी वाटत, कारण चर्चचे प्रत्येक मत त्या निमूटपणे मान्य करीत नसत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला मुक्तिसदन उभारले. १९२२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

घरातल्या घरात काय उद्ध्वस्त होई ते कळते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा बाटल्याचे दुःख, सोवळ्याची ओढ आणि लोकांच्या नजरा हे सारे त्यांनी इतक्या खेळकरपणे सांगितले आहे की छळाची नोंद वाचतो आहोत हे वाचकाच्या उशिरा लक्षात येते.

यांतली बहुतेक नावे ब्राह्मण किंवा वरच्या जातींतील आहेत, आणि या मागोव्यातली ही मोठी उणीव आहे. अहमदनगर आणि जालना भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग होते. दुष्काळात मिशनकडून धान्य मिळाले म्हणून पोटासाठी बाटल्याचा शिक्का त्यांच्यावर सर्वांत घट्ट बसला. धर्म बदलला तरी गावाने त्यांची अस्पृश्यता सोडली नाही, आणि चर्चमध्येही जात पूर्णपणे पुसली गेली नाही. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी आत्मचरित्र लिहिले. मिशनच्या अहवालांत ते बहुधा आकडे म्हणूनच भेटतात. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू दलितांना सवलती मिळाल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती दलित आजही त्या यादीबाहेर आहेत.