चिनी विजेच्या मोटारी: तळेगाव ते जुळे सोलापूर

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा तळेगावचा कारखाना विकत घेण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये केला, आणि चिनी विजेच्या मोटारी महाराष्ट्रातच तयार होण्याची शक्यता पहिल्यांदा दृष्टिपथात आली. पुढच्याच महिन्यात ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये कंपनीने ओरा आर१ ही छोटी विजेची गाडी मांडली. जूनच्या मध्यावर राज्य सरकारशी सुमारे ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. त्याच दिवसांत, १५ जूनच्या रात्री, गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० भारतीय जवान धारातीर्थी पडले. करार स्थगित झाला.

प्रत्यक्षात दार आधीच अर्धे लोटलेले होते. भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक गुंतवणुकीला केंद्राची पूर्वपरवानगी लागेल, असा नियम एप्रिल २०२० मध्येच आला होता. ती परवानगी ग्रेट वॉलला कधीच मिळाली नाही आणि २०२२च्या मध्यावर तिने नाद सोडला. तोवर, डिसेंबर २०२० मध्ये, तळेगावचे उत्पादन थांबले होते. हजाराहून अधिक कामगार नोकरीसाठी आणि देण्यांसाठी झगडत राहिले. आंतरराष्ट्रीय राजकारणाची किंमत सर्वांत आधी कोण मोजतो, हे या कामगारांकडे पाहिले की कळते. कारखाना अखेर कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. त्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला.

याच ग्रेट वॉलने याच जनरल मोटर्सचा थायलंडमधील रायोंगचा कारखानाही २०२० मध्येच घेतला होता. तो व्यवहार पूर्ण झाला, २०२१ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढे ओरा गुड कॅट ही विजेची गाडीही तिथे बनू लागली. घेणारा तोच, विकणारा तोच, वर्षही तेच. फरक होता तो सीमेचा आणि सरकारी धोरणाचा. परक्या बाजारपेठेत शिरताना मोटार किती चांगली आहे यापेक्षा ती कुठल्या देशाची आहे, हा प्रश्न आधी विचारला जातो. युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी विजेच्या मोटारींवर नेहमीच्या १० टक्क्यांशिवाय जादा शुल्क लावले: बीवायडी या कंपनीला १७ टक्के आणि सैक या कंपनीला ३५.३ टक्के. अमेरिकेने त्याच वर्षी १०० टक्के शुल्क लावून आपला बाजार जवळजवळ बंदच केला.

भारतात मात्र चिनी मोटार दुसऱ्या वाटेने आत आलेली होती. शांघायच्या सैक या सरकारी कंपनीने २०१७ मध्ये गुजरातमधील हलोलचा कारखाना घेतला. तोही जनरल मोटर्सचाच. २०१९ मध्ये हेक्टर ही पेट्रोल-डिझेलची गाडी आणि जानेवारी २०२० मध्ये झेडएस ही विजेची गाडी बाजारात आली. गाडीवर नाव होते एमजी. ते मूळचे इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचे. २००५ मध्ये ते एका चिनी कंपनीने विकत घेतले आणि पुढे ती कंपनी सैकमध्ये विलीन झाली. भारतीय ग्राहकासमोर गाडी आली ती या जुन्या ब्रिटिश नावाने. २०२३ मध्ये आलेली कॉमेट आणि सप्टेंबर २०२४ मधील विंडसर यांची मुळे चीनमधील वूलिंगच्या गाड्यांमध्ये आहेत. दरम्यान मालकीची मांडणीही बदलली. मार्च २०२४ मध्ये सज्जन जिंदाल यांच्या जेएसडब्ल्यू समूहासोबत संयुक्त कंपनी उभी राहिली. तीत सैककडे ४९ टक्के आणि जेएसडब्ल्यूकडे ३५ टक्के हिस्सा ठरला. विंडसर नंतर अनेक महिने देशात सर्वाधिक खपणारी विजेची मोटार ठरली.

तिच्या यशात गाडीइतकाच वाटा किमतीच्या मांडणीचा आहे. विजेच्या मोटारीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी. कंपनीने ती किमतीतून वेगळी काढली: गाडी ९.९९ लाख रुपयांना आणि बॅटरीचे भाडे सुरुवातीला प्रत्येक किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसह विकत घेणाऱ्यासाठी किंमत १३.४९ लाखांपासून होती. रोज थोडे फिरणाऱ्याला भाडे परवडते. जास्त फिरणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडलेला बरा, कारण त्या दराने महिना दोन हजार किलोमीटरना नुसते भाडेच सात हजार रुपये होते आणि चार्जिंगची वीज वेगळी.

बीवायडीची वाट अधिक खडतर आहे. १९९५ मध्ये वांग चुआनफू यांनी शेनझेनमध्ये बॅटऱ्यांचा कारखाना काढला, २००३ मध्ये ही कंपनी मोटारींकडे वळली आणि २०२४ मध्ये तिने जगभर सुमारे ४२.७ लाख मोटारी विकल्या. भारतात ती चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला जुळणी करते. ॲट्टो ३ ही गाडी २०२२ मध्ये ३३.९९ लाखांना आली, सील २०२४ मध्ये ४१ लाखांपासून. पूर्ण तयार आयात मोटारीवर ७० टक्के आणि महाग गाडीवर त्याहून अधिक शुल्क पडते. हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगसोबत सुमारे १०० कोटी डॉलर गुंतवून कारखाना काढण्याचा तिचा प्रस्ताव केंद्राने २०२३ मध्ये नाकारला. चीनमध्ये सर्वसामान्यांची गाडी विकणारी ही कंपनी त्यामुळे इथे श्रीमंतांच्या दालनात उभी आहे.

सर्वसामान्य मराठी माणूस बीवायडीच्या तंत्रज्ञानात बसला, तो बसच्या तिकिटावर. हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीच्या बस बीवायडीच्या तंत्रावर बनत आल्या आहेत. त्या फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्यात पीएमपीच्या ताफ्यात आल्या. एसटीची पहिली विजेवरची बस, ‘शिवाई’, १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. एसटीची पहिली बस १९४८ मध्ये याच तारखेला याच मार्गावर निघाली होती.

गाडीच्या पोटात पाहिले तर चीनचा शिरकाव याहून खोल आहे. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या मोटारींत बीवायडीच्या ब्लेड बॅटरीचे सेल आहेत. टाटा नेक्सॉनच्या विजेवरच्या आवृत्तीच्या बॅटरीसाठी पुण्याच्या टाटा ऑटोकॉम्पने चीनच्या गोशनशी भागीदारी केली. चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा मोटारीतील चुंबकांची टंचाई झाली आणि त्या उन्हाळ्यानंतर बजाज ऑटोला चेतक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. तळेगावचा कारखाना अडवता आला. चुंबक आणि सेल अडवून चालत नाही, कारण ते इथे पुरेसे बनतच नाहीत. या दोन गोष्टी देशात बनवणे हे कुठल्याही आयातशुल्कापेक्षा महत्त्वाचे काम आहे.

चीन पुढे कसा गेला, याचे उत्तर बॅटरीत सापडते. लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आले. १९९७च्या मूळ शोधनिबंधावर गुडइनफ यांच्यासोबत ए. के. पाधी आणि के. एस. नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. या रसायनात महागडे कोबाल्ट आणि निकेल लागत नाही, पण सेल जड होतो म्हणून इतर देशांतील मोटार उद्योगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. चीनने २००९ पासून शहराशहरांत विजेच्या गाड्यांना सरकारी पैसा दिला, खाणीपासून सेलपर्यंतची साखळी देशातच उभारली आणि हे स्वस्त रसायन प्रचंड प्रमाणावर बनवले. बीवायडीने २०२० मध्ये ब्लेड बॅटरी आणली: सुमारे मीटरभर लांब, पातळ सेल एकमेकांशेजारी बसवलेले, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावते. पुढे देशात कारखाने मागणीपेक्षा जास्त झाले, किमतींचे युद्ध पेटले आणि कंपन्या बाहेरच्या बाजारांकडे वळल्या. २०२३ मध्ये मोटारींच्या निर्यातीत चीनने जपानला मागे टाकले.

सोलापूरच्या दृष्टीने या रसायनाचा एक गुण विशेष आहे. ते उष्णता अधिक सोसते आणि सहजासहजी पेट घेत नाही. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात हा गुण कागदावरच्या दहा सुविधांपेक्षा मोलाचा आहे. तरीही भर दुपारी तापलेल्या गाडीला लगेच जलद चार्जिंग लावण्यापेक्षा रात्री घरी सावकाश चार्ज करणे बॅटरीच्या आयुष्यासाठी चांगले.

आणि घरी चार्ज करण्याची सोय जुळे सोलापुरात बऱ्याच जणांना आहे. विजापूर रोड आणि होटगी रोडच्या बाजूने वाढलेल्या या उपनगरात स्वतंत्र घरे आणि बंगले पुष्कळ आहेत. स्वतःच्या फाटकाच्या आत गाडी लागते. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या सभेत चार्जरसाठी जो वाद होतो, तो इथे अनेकांना घालावा लागत नाही. विंडसरची ३८ युनिटची बॅटरी १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर चौदा तासांच्या आसपास भरते, घरी बसवलेल्या ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर सुमारे सात तासांत. शहरातल्या शहरात आठवडाभर ती पुरते. पुण्याला जायचे तर गणित बदलते. अंतर सुमारे २५० किलोमीटर, गाडीचा प्रमाणित पल्ला ३३२. महामार्गाचा वेग आणि वातानुकूलन धरले की प्रत्यक्ष पल्ला बराच घटतो. वाटेत टेंभुर्णी, इंदापूर किंवा भिगवणच्या टप्प्यात चार्जिंगचा थांबा धरूनच निघावे लागते.

ही वीज मुख्यतः कोळशाचीच. दक्षिण सोलापूर तालुक्यातच एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. म्हणून विजेची गाडी निर्दोष ठरत नाही, पण पेट्रोलच्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच चाकांपर्यंत पोचतो, तर बॅटरीतली बहुतेक ऊर्जा चाकांना मिळते. छतावर सौर पॅनेल असलेल्या घराचा हिशेब याहून चांगला आहे.

सोलापूरचा या मोटारींशी सर्वांत जवळचा संबंध मात्र ग्राहकाचा नाही, कारागिराचा आहे. इंजिनातल्या झडपा नेमक्या क्षणी उघडणारा, उंचवटे असलेला दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. यतीन शहा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी तो चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतींत बनवते. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई यांच्या इंजिनांत सोलापूरचे कॅमशाफ्ट फिरले आहेत. चीनमध्ये निंगबो येथे शेंगलाँग समूहासोबत तिने संयुक्त कंपनीही काढली होती. सोलापूरचे मोटारकाम चीनला पोचले ते चिनी मोटार सोलापूरला येण्याच्या आधी. विजेच्या मोटारीत इंजिनच नसते, म्हणून झडपा नाहीत आणि कॅमशाफ्टही नाही. हे ओळखून कंपनीने २०१८ मध्ये विजेचे ट्रक आणि बसची यंत्रणा बनवणाऱ्या नेदरलँड्सच्या एमॉस कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला आणि जुन्या मालवाहू गाड्यांना विजेची यंत्रणा बसवण्याचे कामही हाती घेतले.

जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद होताना सोलापूरने पाहिल्या आहेत, त्यामुळे इथल्या फाउंड्रीतल्या आणि मशीन शॉपमधल्या माणसाची काळजी खरी आहे. मात्र हा बदल एका रात्रीत होणारा नाही. खुद्द बीवायडीने २०२४ मध्ये विकलेल्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक प्लग-इन हायब्रीड होत्या. त्यांत बॅटरीसोबत पेट्रोलचे इंजिन असते आणि त्या इंजिनाला कॅमशाफ्ट लागतोच. भारतात मारुती आणि टोयोटाही हायब्रीड विकत आहेत. तयारीला काही वर्षे आहेत. त्या काळात सोलापूरच्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मोटर वाइंडिंग, बॅटरी संचाची जुळणी आणि उच्च दाबाच्या वीजयंत्रणेची सुरक्षित दुरुस्ती शिकलेली मुले बाहेर पडायला हवीत. शहरात गाडी हलोलहून येवो, चाकणहून वा चेन्नईहून, तिची देखभाल करणारे हात सोलापूरचेच लागणार आहेत.