शाळेतील दादागिरी ओळखताना

सोमवारी सकाळी नेमके पोट दुखते, पट्ट्या-पेन्सिली वरचेवर हरवतात, घरी येताच मूल आधी स्वच्छतागृहाकडे धावते. या शेवटच्या खुणेकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. त्रास देणारी मुले बहुधा शिक्षकांची नजर नसते तिथेच गाठतात. म्हणून ते मूल दिवसभर तिथे जाणे टाळत असते.

मुलांची भांडणे व्हायचीच. पण १९७०च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी दादागिरी वेगळी ओळखली. तो त्रास हेतुपुरस्सर असतो, वारंवार होतो आणि सोसणाऱ्याचे बळ कमी पडते. ‘तूही दोन ठेवून दे’ हा आपला लाडका सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो. ते जमत असते, तर मूल रडत घरी आलेच नसते!

त्याचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे. तारीख, जागा, घडलेला प्रकार टिपून ठेवावा आणि वर्गशिक्षकांना भेटावे. दाद न मिळाल्यास मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. समोरच्या मुलाच्या आईवडिलांना परस्पर फोन मात्र करू नये. त्याचा राग दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आपल्याच मुलावर निघू शकतो.